परवाने की कोटा: खोल पाण्यातील स्कॅम्पीची मासेमारी

समुद्रतळाच्या चिखलात बिळे करून राहणारी स्कॅम्पी (लॉबस्टरच्या जातकुळीतला छोटा कवचधारी जीव) ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे दोन्ही देश ट्रॉल जाळ्याने, म्हणजे बोटीमागे तळावरून ओढल्या जाणाऱ्या जाळ्याने, पकडतात; मात्र पकडीला लगाम घालण्याची त्यांची रीत वेगळी आहे. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडील समुद्रतळाच्या उतारावर, २०० मीटर खोलीच्या पलीकडे, केवळ सात परवाने दिले जातात. नौका मोजणे सोपे आणि स्वस्त असते, आणि जिथे मोजक्याच बोटी फिरकतात तिथे एवढे पुरतेही. परंतु तीच बोट अधिक शक्तीचे इंजिन किंवा रुंद जाळे घेऊन उतरली, तर परवान्यांचा आकडा तसाच राहून पकड वाढू शकते.

न्यूझीलंडने २००४ मध्ये स्कॅम्पी कोटा पद्धतीत आणली. तेथे क्षेत्रवार एकूण पकड ठरते आणि तिच्यातील हिस्से कोटाधारकांचे असल्याने इतरांच्या आधी पकडण्याची शर्यत थंडावते. पण ती एकूण पकड ठरवायची कशी, ही खरी मेख आहे. स्कॅम्पी बिळाबाहेर असेल तरच जाळ्यात येते, त्यामुळे केवळ हाती लागलेल्या मालावरून साठ्याचा अंदाज बांधणे फसवे ठरते; म्हणून तेथे कॅमेऱ्याने तळाची छायाचित्रे घेऊन बिळांची तोंडे मोजतात. हे काम खर्चिक आहे, आणि प्रत्येक बीळ वसलेले आहे का, हा प्रश्न उरतोच.

माझ्या मते कोटा अधिक भक्कम, पण सर्वेक्षणाचे पाठबळ असेल तरच. बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यात सापडणाऱ्या इतर माशांचा प्रश्न मात्र कोणतीही पद्धत आपसूक सोडवत नाही. त्यासाठी बोटीवर निरीक्षक ठेवावेच लागतात.