फेच, अ‍ॅक्सिऑस की एक्सएचआर: फॉर्मचा डेटा सर्व्हरला कशाने पाठवायचा?

नाव, मोबाइल नंबर, पत्ता एवढाच फॉर्म असेल तर सरळ फेच (जावास्क्रिप्टमधून सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन) वापरा. ते ब्राउझरमध्येच असतं, वेगळी लायब्ररी लागत नाही आणि असिंक-अवेटमुळे (उत्तर आल्यावरच पुढची ओळ चालवायची पद्धत) कोड वरून खाली वाचत जाता येतो. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये २०१५ पासून, सफारीत २०१७ पासून ते आहे.

फेचची एक खोड मात्र आधीच माहीत हवी. सर्व्हरने ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्येच बिघाड) असा एरर कोड दिला, तरी त्याच्या लेखी रिक्वेस्ट यशस्वीच. नेटवर्क तुटलं किंवा कॉर्सने (दुसऱ्या साइटच्या सर्व्हरशी बोलण्यावरचा ब्राउझरचा नियम) अडवलं, तरच कोड कॅचमध्ये, म्हणजे एरर हाताळणाऱ्या भागात जातो. माझ्या एका नोंदणी फॉर्मवर ‘नोंदणी झाली’ असा हिरवा संदेश येत होता आणि डेटाबेसमध्ये एकही नोंद नव्हती. सर्व्हर दर वेळी ५०० देत होता. रिस्पॉन्सचं ‘ओके’ (स्टेटस २०० ते २९९ मध्ये आहे का, ते सांगणारी खूण) मी तपासलंच नव्हतं. लोकांना सगळा फॉर्म पुन्हा भरावा लागला, याचं अजून वाईट वाटतं. म्हणून फेच लिहिलं की पुढची ओळ ‘ओके’ तपासण्याचीच.

अ‍ॅक्सिऑस (वेगळी जोडायची लायब्ररी) २०० ते २९९ च्या बाहेरचा स्टेटस आला की स्वतःहून एरर देतं, ऑब्जेक्टचं जेसनही (डेटा पाठवायचा मजकुराचा साचा) करून घेतं. प्रत्येक रिक्वेस्टला लॉगिन टोकन जोडायचं असेल तर इंटरसेप्टर (प्रत्येक रिक्वेस्ट जाण्याआधी चालणारा कोड) एकदाच लिहायचा. मोठ्या अ‍ॅपसाठी जरूर घ्या, एका संपर्क फॉर्मसाठी नको.

एक्सएचआर (एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट, रिक्वेस्ट पाठवायची ब्राउझरमधलीच जुनी सोय) १९९९ च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ पासूनचं. लिहायला किचकट, पण फाइल किती टक्के वर गेली हे तेच सांगतं. फेचमध्ये ती सोय नाही. कमी रेंजमध्ये कुणी मार्कशीटचा स्कॅन पाठवत असेल आणि पट्टी हलताना दिसत नसेल, तर तो बटण पुन्हा दाबतो आणि एकाच अर्जाच्या दोन नोंदी होतात. अ‍ॅक्सिऑस ब्राउझरमध्ये एरवी एक्सएचआरवरच चालतं, त्यामुळे तिथेही टक्केवारी मिळते.

फाइल फॉर्मडेटातून (फॉर्मची माहिती आणि फाइल एकत्र बांधणारं ब्राउझरमधलं ऑब्जेक्ट) पाठवताना कंटेंट-टाइप हेडर (डेटा कोणत्या प्रकारचा आहे ते सांगणारी ओळ) हाताने लिहू नका. ब्राउझर त्यात स्वतःची बाउंडरी, म्हणजे भाग वेगळे करणारी खूण घालतो. हाताने लिहिलं आणि ती गेली की सर्व्हरला फाइल कुठे सुरू होते तेच कळत नाही.

ब्राउझरमधलं आणखी एक फंक्शन, सेंडबीकन, फक्त पान बंद होताना छोटी नोंद पाठवायला. मर्यादा साधारण ६४ केबी, आणि सर्व्हरचं उत्तर वाचता येत नाही, म्हणून फॉर्मसाठी ते नकोच.