‘निकोलस फ्लॅमेल’ मालिका: सात महिने, सहा भाग आणि घरातली दोन भावंडे

मायकेल स्कॉट या आयरिश लेखकाची ‘द सीक्रेट्स ऑफ द इम्मॉर्टल निकोलस फ्लॅमेल’ ही सहा कादंबऱ्यांची मालिका गेल्या सात महिन्यांत आमच्या घरात तिघांनी वाचून काढली. आधी नववीतल्या मुलीने, तिच्या मागोमाग सातवीतल्या मुलाने आणि उरल्या वेळात मी. संच एकच असल्यामुळे मुलगा कायम एक भाग मागे राहिला, आणि पुढे काय होणार याच्या सूचक गोष्टी बहीण जेवताना मुद्दाम बोलत असल्याने त्याचे रुसवेही सोसावे लागले.

2007 ते 2012 या काळात प्रसिद्ध झालेल्या या सहा भागांत घडणारी मुख्य कथा जेमतेम आठवडाभराची आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील एका पुस्तकांच्या दुकानात जॉश सुट्टीतले काम करतो आणि त्याची जुळी बहीण सोफी समोरच्या कॉफीच्या दुकानात. पुस्तकविक्रेता म्हणून वावरणारा मालक प्रत्यक्षात अमर किमयागार निकोलस फ्लॅमेल आहे, हे त्यांना कळते ते त्याचा शत्रू जॉन डी जादूचा ग्रंथ पळवायला येतो तेव्हा. झटापटीत ग्रंथाची शेवटची दोन पाने जॉशच्या हाती राहतात आणि तिथून जी पळापळ सुरू होते ती पॅरिस, लंडन करत थेट इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळापर्यंत जाते.

जादूची मांडणी मला फार आवडली. प्रत्येकाच्या तेजोवलयाला स्वतःचा रंग आणि गंध आहे: सोफीचे रुपेरी, व्हॅनिलाच्या वासाचे, जॉशचे सोनेरी, संत्र्याच्या वासाचे, फ्लॅमेलचे हिरवे, पुदिन्याचे, आणि डीचे पिवळे, गंधकाचे. त्यामुळे एखादे पात्र समोर येण्याआधीच त्याची चाहूल लागते. दुसऱ्या वाचनात कुठे कुठला वास येतो इकडे लक्ष ठेवण्यातच माझा निम्मा आनंद होता.

पहिल्या वाचनात आपण खऱ्या इतिहासातल्या माणसांच्या मागे धावतो. फ्लॅमेल हा पॅरिसमधला लेखनिक 1418 मध्ये वारला आणि त्याने 1407 मध्ये बांधलेले घर आजही उभे आहे. किमयागार म्हणून त्याची ख्याती मात्र मृत्यूनंतर पसरली. डी हा इंग्लंडच्या पहिल्या राणी एलिझाबेथचा सल्लागार. मालिकेतले आणखी एक पात्र असलेला इटालियन राजनीतिज्ञ मॅकियाव्हेली ज्या 1527 साली वारला त्याच साली हा डी जन्मला, हा योगायोग मला नंतर चाळताना सापडला. कादंबरीत तर दोघेही अमर आहेत.

पण महिने लोटल्यावर लक्षात राहते ते भावंडांमधले अंतर. पहिल्या भागात हेकटी ही प्राचीन ग्रीक देवी सोफीची जादूची शक्ती जागी करते आणि जॉशची पाळी येण्याआधीच हल्ला होतो. जन्मापासून बरोबरीने वाढलेली बहीण आता आपल्यापेक्षा बलवान आहे आणि तिला आपले संरक्षण करावे लागते, ही बोच लेखकाने घाई न करता पुढे नेली आहे. दुसऱ्या भागात त्याचीही शक्ती जागी होते, पण तोवर मनात किल्मिष शिरलेले असते, आणि चौथ्या भागाच्या शेवटी तो डीच्या बाजूला जातो. आपल्याला भिंत चालवणारी भावंडे लहानपणापासून ठाऊक असतात. तिथे रुसून ताटी लावून बसलेल्या भावाला धाकटी बहीण समजावते. सोफीकडे मुक्ताईचे शब्द नाहीत. चौथा भाग संपवून मुलीने जॉशला मूर्ख ठरवले, तेव्हा आमचा मुलगा ताडकन म्हणाला, “त्याला कुणी काही विचारतच नव्हतं, मग तो काय करणार?” चौथ्या भागासाठी तो तेव्हा सहा दिवस थांबला होता.

दोषही आहेत. तिसऱ्या भागापासून पात्रांची इतकी गर्दी होते की शेक्सपिअर, प्राचीन मेसोपोटेमियाचा राजा गिल्गमेश आणि अमेरिकन गुंड बिली द किड एकाच मालिकेत का आहेत, याचे पटणारे उत्तर मला मिळाले नाही. जवळपास प्रत्येक प्रकरण ऐन मोक्यावर तोडलेले असल्याने सलग वाचताना दमछाक होते. अपवाद फ्लॅमेलच्या पत्नीचा: अल्काट्राझच्या तुरुंगात कैद असलेली, स्फिंक्स या पुराणकथेतल्या प्राण्याच्या पहाऱ्यामुळे जादू गमावून बसलेली पेरेनेल निव्वळ डोके चालवून जे करते, ती प्रकरणे संपूच नयेत असे वाटले.

इंग्रजी सोपे आहे. नववीच्या मुलीला शब्दकोश क्वचितच लागला. बांधणी मात्र कच्ची निघाली, दुसऱ्या भागाची पाने तिसऱ्या महिन्यात सुटली आणि विक्रेत्याने बदलून देण्यास नकार दिला, म्हणून मीच ती डिंकाने चिकटवली. मुलाने आता पहिला भाग पुन्हा हाती घेतला आहे, आणि या खेपेस चिकटवलेला दुसरा भाग आधीच आपल्या दप्तरात घालून ठेवला आहे.