आर्म प्रोसेसरचा विंडोज लॅपटॉप घ्यावा का? तीन महिन्यांच्या वापरानंतरचे मत

विंडोजचा लॅपटॉप म्हटला की आत इंटेलचा किंवा एएमडीचा प्रोसेसर असणार, हे आपण इतकी वर्षे गृहीत धरले होते. जून २०२४ मध्ये क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स मालिकेचे लॅपटॉप विक्रीला आले आणि खरेदीपूर्वी प्रोसेसरची जात विचारण्याची वेळ आली. इंटेल आणि एएमडी ज्या एक्स८६ आज्ञासंचावर, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांच्या संचावर, चालतात त्याचे मूळ १९७८ सालच्या ८०८६ या चिपमध्ये आहे. स्नॅपड्रॅगन मात्र आर्मच्या, म्हणजे आपल्या फोनमधल्या प्रोसेसरच्या कुळातला आहे. एकासाठी तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्यावर जसाच्या तसा चालत नाही. असा एक लॅपटॉप मी तीन महिने रोजच्या कामासाठी वापरला आणि त्या अनुभवातून माझे ठाम मत झाले आहे की हा प्रोसेसर किती वेगवान आहे यापेक्षा आपल्या टेबलावर कोणकोणती उपकरणे आहेत, हे आधी पाहावे.

गुणांपासून सुरुवात करतो, कारण ते खरोखर मोठे आहेत. ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब, दिवसभराचे लेखन आणि दोन व्हिडिओ बैठका एवढे काम झाल्यावरही संध्याकाळपर्यंत चार्जर बॅगेतून काढावा लागत नाही. चार्जरची वायर काढली तरी वेग तोच राहतो, आणि लेखनाच्या कामात पंख्याचा आवाज जवळजवळ येतच नाही. मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट याहून लहान आहे. रात्री झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप सकाळी उघडला की स्क्रीन लगेच उजळते आणि बॅटरी जेमतेम एक-दोन टक्के उतरलेली असते. माझा आधीचा लॅपटॉप मिटलेल्या अवस्थेत बॅगेतच तापायचा आणि कामाच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत निम्मा रिकामा व्हायचा, त्यामुळे या सोयीचे मोल मला चांगलेच ठाऊक आहे.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत लोकांच्या मनात असलेली भीती निराधार नाही. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आर्मसाठी विंडोज आरटी आणि त्यावर चालणारा स्वतःचा सरफेस आरटी टॅबलेट आणला, पण त्यावर जुने विंडोज प्रोग्राम मुळी चालतच नसत; पुढच्याच वर्षी कंपनीला त्या टॅबलेटपोटी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला. नंतर विंडोज १० मध्ये जुने प्रोग्राम चालू लागले, परंतु फक्त ३२ बिटांचे. ६४ बिटांच्या प्रोग्रामांची सोय २०२१ मध्ये विंडोज ११ बरोबर आली. आता प्रिझम नावाची यंत्रणा एक्स८६ प्रोग्रामच्या आज्ञा चालता चालता आर्मच्या आज्ञांमध्ये बदलते आणि हे काम ती मन लावून करते, असेच म्हणावे लागेल. कोणता प्रोग्राम मूळचा आर्मचा आहे आणि कोणता रूपांतरित होऊन चालतो, हे टास्क मॅनेजरच्या तपशिलात आर्किटेक्चरचा रकाना जोडला की दिसते. मी पहिल्या आठवड्यात हा रकाना सतत उघडून बघत असे. क्रोम, एज, फायरफॉक्स, ऑफिस आणि फोटोशॉप यांची आर्मसाठीची आवृत्ती उपलब्ध आहे. माझा जुना शब्दकोश आणि हिशेबाचा प्रोग्राम मात्र रूपांतरित होऊन चालतात. ते पहिल्यांदा उघडताना थोडे रेंगाळतात, त्यानंतर फरक जाणवत नाही.

खरी अडचण ड्रायव्हरची, म्हणजे उपकरण आणि विंडोज यांच्यात दुवा साधणाऱ्या प्रोग्रामची आहे. साध्या प्रोग्रामचे रूपांतर होते, पण विंडोजच्या गाभ्यात बसणाऱ्या ड्रायव्हरचे होत नाही. तो उत्पादकाने आर्मसाठी वेगळा तयार करूनच द्यावा लागतो. माझा दहा वर्षांचा स्कॅनर मी जोडला तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आला आणि तो कायम राहिला. उत्पादकाला लिहिले, तर या मॉडेलसाठी नवा ड्रायव्हर काढणार नाही असे दोन ओळींचे उत्तर आले. स्कॅनर उत्तम स्थितीत आहे, आणि आज केवळ त्याच्यासाठी जुना लॅपटॉप टेबलाच्या कोपऱ्यात ठेवावा लागला आहे. याचे मला मनापासून वाईट वाटते. जुने प्रिंटर, ऑडिओ इंटरफेस, सॉफ्टवेअरचा परवाना तपासण्यासाठी जोडावे लागणारे डोंगल, कार्यालयाच्या नेटवर्कशी बाहेरून जोडणारी काही व्हीपीएन सॉफ्टवेअर आणि फसवणूक रोखणारी यंत्रणा बसवलेले अनेक ऑनलाइन गेम याच कारणाने अडतात.

ॲपलने २०२० मध्ये एम१ हा स्वतःचा आर्म प्रोसेसर आणून हेच स्थित्यंतर थोड्या वर्षांत पार पाडले, मग विंडोजमध्येही तसेच होईल, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. मला तो पटत नाही. ॲपलने २०२३ पर्यंत इंटेलचे मॅक विकणेच थांबवले, त्यामुळे सॉफ्टवेअर आणि उपकरणे बनवणाऱ्यांना बदलल्यावाचून गत्यंतर नव्हते. विंडोजमध्ये दोन्ही जाती शेजारी शेजारी नांदणार आहेत आणि बहुसंख्य ग्राहकांकडे अजून जुन्याच जातीचा प्रोसेसर आहे; तेव्हा एखाद्या लहान उत्पादकाने आर्मसाठी घाईने खर्च का करावा? म्हणून पुढे कधीतरी ड्रायव्हर येईल या भरवशावर खरेदी करू नये, आज जे चालते तेवढेच जमेस धरावे.

प्रोसेसरमधल्या, सेकंदाला ४५ लाख कोटी क्रिया करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भागाची जाहिरात जोरात केली जाते. मला त्याचा उपयोग बैठकीत मागची पार्श्वभूमी धूसर करणे आणि ध्वनिमुद्रणातले बोलणे स्क्रीनवर अक्षरांत उमटवणे एवढाच झाला. त्यासाठी निवड बदलण्याचे कारण नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली टाकण्याचा विचार असेल तर नेमक्या त्या मॉडेलवर कोणते भाग चालतात हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि मेमरी बहुतेक मॉडेलांत बोर्डवरच जोडलेली असल्याने ती नंतर वाढवता येत नाही.

माझे काम ब्राउझर आणि लेखन यांत सामावते, त्यामुळे हा लॅपटॉप मी ठेवणार आहे. घेणाऱ्याने परतीची मुदत किती आहे ते आधी विचारावे आणि घरी आणल्या दिवशीच प्रत्येक उपकरण जोडून पाहावे, प्रत्येक प्रोग्राम उघडून एखादे खरे काम करून पाहावे. माझ्या धाकट्या बहिणीलाही असाच लॅपटॉप हवा होता. पण तिच्या भरतकामाच्या मशिनचे सॉफ्टवेअर डोंगलशिवाय उघडत नाही आणि त्या डोंगलचा आर्मसाठीचा ड्रायव्हर निघालेला नाही. तिला मी सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेचा लॅपटॉप सुचवला, कारण बॅटरीच्या बाबतीत ती मालिका स्नॅपड्रॅगनच्या बरीच जवळ पोहोचली आहे. तिने तोच घेतला आणि डोंगल जोडताच तिचे सॉफ्टवेअर उघडले.