फॉरेक्स कार्ड आणि टिप: न्यू जर्सीतील सहा महिन्यांनंतर

लेकीकडे न्यू जर्सीला सहा महिने राहायचे ठरले, तेव्हा मुंबईतील एका बँकेचे डॉलरचे फॉरेक्स कार्ड (आधी पैसे भरून परदेशात वापरायचे कार्ड) घेतले. परकीय चलनाच्या ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात. मी ४०० डॉलरच नेले. कार्डाबद्दल समाधानी आहे, कारण पैसे भरताना लागलेला दर शेवटपर्यंत कायम राहिला आणि रोज रुपयाचा भाव पाहावा लागला नाही.

अभ्यास करावा लागला तो रेस्टॉरंटच्या बिलाचा. जेवण ४० डॉलरचे, त्यावर तिथला ६.६२५ टक्के विक्रीकर धरून ४२.६५ डॉलर. वेटर कार्ड घेऊन गेला, तेवढ्याच रकमेचा संदेश मोबाइलवर आला, आणि मग टिपेसाठी रिकामी ओळ असलेली पावती समोर आली. तिथे जेवणाच्या ४० डॉलरचे अठरा टक्के म्हणजे ७.२० लिहून, ४९.८५ अशी बेरीज करून सही केली. तिसऱ्या दिवशी खात्यात ४९.८५ ची नोंद दिसली. ओटीपी न विचारता रक्कम वाढलेली पाहून मी बँकेकडे तक्रार करणार होतो, पण तिथली पद्धतच तशी आहे. म्हणून नेमकी बिलापुरती शिल्लक ठेवून जेवायला जाऊ नये.

अठरा टक्के देताना सुरुवातीला हात आखडत होता. टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे किमान वेतन केंद्रीय कायद्यानुसार १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरच आहे, हे लेकीने सांगितले (न्यू जर्सीत ते जास्त आहे, तरी इतर कामगारांच्या किमान वेतनापेक्षा कमीच). तेव्हापासून वेटरची टिप मी त्याची मजुरी समजूनच देऊ लागलो. मात्र आम्ही आठजण गेलो असताना बिलात 'ग्रॅच्युइटी', म्हणजे टिपच, आधीच जोडलेली होती. निवृत्तीच्या वेळी मिळणारी ग्रॅच्युइटीच ठाऊक असल्याने तो शब्द मी वाचून सोडून दिला आणि दुसऱ्यांदा टिप लिहिली. पेट्रोल पंपावर कर्मचारीच पेट्रोल भरून देतो, तिथे टिपेची अपेक्षा नसते.

एकच तक्रार आहे. वॉशिंग्टनच्या एका हॉटेलने अनामत म्हणून कार्डावरचे १५० डॉलर अडकवले, ते खोली सोडल्यावर नऊ दिवसांनी मोकळे झाले. अशा ठिकाणी क्रेडिट कार्ड द्यावे.

हॉटेलातील खोली आवरणाऱ्या बाईंसाठी रोज दोन-तीन डॉलर टेबलावर ठेवावेत, तर माझ्याकडे शंभराच्या चारच नोटा होत्या. पुढच्या वेळी निदान पन्नास डॉलर तरी एकच्या आणि पाचच्या नोटांत मागून घेणार आहे.