घरी बांधलेला फिशिंग रॉड: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरून झाल्यावर

पैसे वाचतील म्हणून कोणी घरी रॉड बांधायला घेणार असेल तर त्याने थांबावं. ब्लँक (रॉडचा नुसता दांडा), गाइड (दोरीच्या कड्या), रील सीट (रील बसवायची जागा), ग्रिप, धागा आणि एपॉक्सी मिळून माझा खर्च साडेसहा हजारांच्या आसपास गेला. तेवढ्यात बऱ्यापैकी तयार रॉड मिळतो. तरीही पावसाळा आणि हिवाळा काढल्यावर तयार रॉडकडे परत जायची माझी इच्छा उरलेली नाही. माझ्या हाताच्या मापाचा आणि आपल्याकडच्या काठांना साजेसा रॉड मला दुकानात कधी सापडला नव्हता, तो आता माझ्याकडे आहे.

नाशिकच्या आसपास गळ टाकायचा म्हणजे बहुतेक वेळा धरणाचा फुगवटा. दारणा घ्या, मुकणे घ्या, गंगापूर घ्या. पाणी भरलेलं असतं तेव्हा काठावरच्या गवतात उभं राहता येतं. पण आवर्तन सुटलं की पाणी मागे सरतं, दगड उघडे पडतात आणि मध्ये घोट्यापर्यंत काळा गाळ. मासा लागल्यावर दोरी त्या दगडांवरून उचलून धरावी लागते. सात फुटी रॉडने ते जमतं, पण सारखं हात वर करून. म्हणून मी आठ फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम ताकदीचा ब्लँक घेतला. फार ताठ टोक मला नको होतं. रोहू आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) गळाला लागल्यावर एकदम मुसंडी मारतात, आणि टोक वाकलं नाही तर गरी ओठातून निसटते.

ब्लँकवर २४ टन, ३० टन असं लिहिलेलं असतं. तो कार्बनच्या तंतूचा ताठपणा. आकडा जास्त म्हणजे माल भारी असं विकणारे सांगतात, पण जास्त टनाचा ब्लँक हलका होतो तो भिंत पातळ करूनच, आणि पातळ भिंत दगडावर आपटली की तिथेच पुढे कधीतरी तडकते. खडकाळ काठासाठी २४ टन पुरेसा आहे, हे माझं मत वापरानंतर पक्कं झालं. ‘मीडियम’ या शब्दावर मात्र विसंबू नका, प्रत्येक कंपनीचं मीडियम वेगळं. अमेरिकेतल्या विल्यम हॅनेमन यांनी यासाठी एक साधी मोजणी सांगितली आहे. ब्लँक आडवा पकडायचा, टोकाला वजन टांगायचं आणि टोक ब्लँकच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत ते वाढवत जायचं. त्यांनी वजनासाठी अडीच ग्रॅमची अमेरिकी एक सेंटची नाणी वापरली. मी पिशवीत तांदूळ भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. माझा जुना दुकानातला रॉड आणि हा नवा ब्लँक, दोन्हींवर मीडियम लिहिलंय, आणि दोघांच्या तांदळात चांगलाच फरक पडला.

ग्रिपबद्दल थोडक्यात. रीलच्या मागचा दांडा कोपराच्या किंचित अलीकडे संपावा, इतकाच ठेवला. तयार रॉडचा दांडा हिवाळ्यात जॅकेटच्या बाहीत अडकायचा, तो त्रास संपला. मागची मूठ कॉर्कची आहे. आपल्या द्राक्षांच्या जिल्ह्यात वाइनची बुचं मागितली तर मिळतात, आणि नैसर्गिक बूच साधारण २४ मिलिमीटर जाडीचं असतं, म्हणजे सडपातळ मुठीला अगदी बेताचं. भोक पाडून, एकावर एक चिकटवून, घासून घेतली. भुगा दाबून बनवलेली बुचं घेऊ नका. त्यातलं एक मी तळाशी लावून पाहिलं होतं, त्याच्या कडा पावसाळ्यातच झडायला लागल्या. एकसंध बुचं जशीच्या तशी आहेत.

आता गाइड, म्हणजे दोरी ज्यातून जाते त्या कड्या. सगळा रॉड इथे ठरतो असं मला वाटतं. साधा हिशेब फुटाला एक कडी आणि वर टोकाची एक. म्हणजे माझ्या रॉडला आठ अधिक एक. पहिली ३० नंबरची, पुढे २०, मग १२, आणि तिथून टोकापर्यंत १०. हा नंबर म्हणजे कडीच्या बाहेरच्या व्यासाचे मिलिमीटर. स्पिनिंग रीलवरून दोरी मोठाले वेढे घेत सुटते. पहिल्या एक-दोन कड्यांनी ते वेढे आवळून सरळ केले की पुढे मोठ्या कड्यांची गरज उरत नाही, आणि टोक हलकं राहतं.

पण त्या नेमक्या कुठे बसवायच्या, हे तक्त्यावरून ठरवू नये. मी सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब आणली, कात्रीने तिच्या बारीक बारीक चकत्या केल्या आणि प्रत्येक कडीचे पाय त्या रबराने ब्लँकवर नुसते अडकवले. मग ग्रिप टेबलाला शिकंज्याने आवळून, दोरी ओवून, टोक खाली ओढून बांधलं. आता बाजूने पाहायचं. दोन कड्यांच्या मध्ये ब्लँक गोल वाकतो आणि दोरी मात्र सरळ रेषेत जाते. जिथे दोघांतलं अंतर जास्त दिसतं तिथे कड्या जवळ आणायच्या. माझ्या ब्लँकला दोन्ही तुकड्यांच्या जोडापुढे असं अंतर पडत होतं, म्हणून तिथल्या दोन कड्या तक्त्यापेक्षा बऱ्याच मागे सरकल्या. कारखान्यात एका मॉडेलच्या सगळ्या रॉडना एकच माप लागतं. आपण आपल्या एका ब्लँकचं ऐकू शकतो. एक अख्खा रविवार यात जातो आणि जाऊ द्यावा.

ब्लँकच्या ‘स्पाइन’वरून बरीच भांडणं चालतात, म्हणजे गुंडाळीमुळे एका बाजूला येणारा जरासा जास्त ताठपणा. मी ते बाजूला ठेवून ब्लँक ज्या बाजूने सर्वांत सरळ दिसतो त्या बाजूने बांधला. स्पिनिंग रॉडच्या कड्या खाली लोंबतात, ओढही खालीच येते, त्यामुळे रॉडला पिळ बसायचं कारण नसतं. इतक्या वापरात तो एकदाही हातात फिरल्यासारखा वाटला नाही.

कडीचे पाय बांधण्याआधी कानशीने उतरते करावे लागतात. पायाचं टोक नखासारखं पातळ झालं की धागा ब्लँकवरून पायावर न अडखळता चढतो. खालची धार नीट मोडली नाही तर ती वाकताना ब्लँकला ओरखडते. कामावर व्हर्नियर आणि कानस रोजच हातात असल्याने मला हे सोपं गेलं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मुठीचं भोक वाढवायला निमुळता रीमर करून घेतला. “भाऊ, मासे धरायला एवढं मायक्रॉनचं काम?” असं तो म्हणाला, आणि मग स्वतःच दोनदा माप तपासून दिलं.

गुंडाळणीला नायलॉनचा ए नंबरचा धागा. ताण देण्यासाठी जुन्या शिलाई मशीनच्या चकत्या, आणि ब्लँक टेकवायला लाकडाचे दोन व्ही ठोकळे. सुरुवातीचं टोक पहिल्या पाच-सहा वेढ्यांखाली दाबायचं, आणि शेवटचं टोक आधी ठेवलेल्या फासातून ओढून वेढ्यांखाली घ्यायचं. गाठ कुठेच नाही. साध्या नायलॉनचा रंग एपॉक्सीखाली पारदर्शक होतो, गडद निळा घेतला तर काळपट दिसतो. रंग हवा तसाच राहावा असं वाटत असेल तर एनसीपी प्रकारचा, म्हणजे रंग टिकवायला वेगळं द्रावण न लागणारा धागा घ्यावा. रंग टिकवणारं द्रावण लावून एपॉक्सी मारायची पद्धतही आहे, पण द्रावण लावलं की एपॉक्सी धाग्यात नीट मुरत नाही. जिथे ओढ येते तिथे मला ते नको वाटतं.

ग्रिपच्या वर, जिथे ओढ येत नाही, तिथे मी येवल्याचं रेशीम वापरलं. पूर्वी बांबूच्या रॉडवर रेशीमच गुंडाळत, आणि पैठणीचं गाव आपल्याच जिल्ह्यात असताना ते न वापरणं मला पटेना. तिथल्या एका विणकराने उरलेल्या लडीतलं डाळिंबी रंगाचं रेशीम दिलं आणि थोडी जर. रेशमाचा तंतू सैल असतो, ताण दिला की पसरतो, त्यामुळे आधी दोन पदर पिळून घ्यावे लागले. पण एपॉक्सीचा पहिला थेंब त्यावर पसरला तेव्हा डाळिंबी रंग डोळ्यांदेखत खोल गेला, जवळजवळ जांभळा झाला आणि खालचा कार्बन अंधुक दिसायला लागला. उन्हात धरलं की लाल, सावलीत जांभळं. जरीचे तीन वेढे कडेला आहेत, ते मात्र सोनेरीच राहिले.

एपॉक्सीवर सगळ्यांत जास्त लिहायला हवं, कारण सगळ्यांत जास्त तक्रारी तिथल्याच असतात. रेझिन आणि हार्डनर हे तिचे दोन्ही भाग समसमान घ्यायचे, डोळ्यांच्या अंदाजाने नाही, दोन वेगळ्या सिरिंजने. मेडिकलमधल्या सिरिंजच्या रबरी दट्ट्याला सिलिकॉनचं वंगण असतं. ते एपॉक्सीत उतरलं की थर पसरत नाही, बारीक खळगे पडतात. रबर नसलेली, पूर्ण प्लास्टिकची सिरिंज शोधा. दोन-तीन मिनिटं सावकाश ढवळायचं, मग अॅल्युमिनियम फॉइलवर पातळ ओतायचं म्हणजे बुडबुडे आपोआप वर येतात. ब्लँकवर राहिलेले बुडबुडे स्पिरिटच्या दिव्याची धग क्षणभर दाखवली की फुटतात. हातमोजे नायट्रिलचे हवेतच, हार्डनरने कातडीला कायमची ॲलर्जी होऊ शकते. आणि खिडकी उघडी.

थर खाली ओघळू नये म्हणून रॉड काही तास फिरत ठेवावा लागतो. त्यासाठी दुरुस्तीच्या दुकानातून मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी जुनी मोटर आणली. तिच्यावर ५/६ आरपीएम लिहिलेलं असतं, आपल्या ५० हर्ट्झ विजेवर ती मिनिटाला ५ फेरे घेते. चालू करताना कधी उजवीकडे फिरते, कधी डावीकडे, त्याने काही बिघडत नाही. पण त्यातल्या काही मोटरी २२० व्होल्टच्या असतात आणि काही २१ व्होल्टच्या, प्लग लावण्याआधी वाचून घ्या.

हवामानाचा फरक प्रत्यक्ष दिसला. मुख्य बांधणी मी उन्हाळ्यात केली, तो थर काचेसारखा आहे. श्रावणात एका मित्राच्या रॉडची कडी बदलून दिली, तेव्हा दमट हवेने वरून चिकट, दुधाळ पापुद्रा आला आणि पुसून, घासून पुन्हा मारावं लागलं. डिसेंबर-जानेवारीच्या आपल्या थंडीत एपॉक्सी मधासारखी घट्ट होते. बाटल्या कोमट पाण्यात ठेवून मगच मिसळाव्यात. नाशिकमध्ये या कामाला मार्च ते मे हेच महिने.

वापराचं सांगायचं तर दारणेच्या फुगवट्यावर या रॉडचा खरा कस लागला. मोठा रोहू लागला तेव्हा वाक टोकापासून जवळजवळ ग्रिपपर्यंत आला, दोरी ब्लँकला कुठेच घासली नाही, आणि तो शेवटच्या दोन मुसंड्या काठाजवळ मारतो त्या मधल्या भागाने शांतपणे झेलल्या. बाजूला बसलेले एक वयस्कर मच्छीमार रॉड हातात घेऊन बराच वेळ जोड पाहत होते.

“कुठून आणला रे?”

“घरीच बांधला, मामा.”

“मग मोडला तर तुलाच दुरुस्त करता येईल. हे बरंय.”

ते लवकरच खरं ठरलं. गाइडच्या संचातल्या एका कडीतलं सिरॅमिकचं कडं निखळलं. विक्रेत्याने बदलून द्यायला नकार दिला, वापरलेला माल म्हणाला. मी ब्लेडने पायावरचा धागा कापला, वरच्या बाजूने, ब्लँकला धार लागू न देता, आणि चांगल्या प्रतीची कडी बांधली. म्हणून सांगतो, पैसे कमी पडले तर ब्लँक कमी प्रतीचा घ्या, कड्या स्वस्तातल्या घेऊ नका. दर महिन्याला कापसाची काडी प्रत्येक कडीतून फिरवून पाहावी. तडा असेल तर कापूस तंतू सोडतो, आणि तोच तडा पुढे ब्रेडेड दोरी कापते. टोकाची कडी मात्र एपॉक्सीने कधीच चिकटवू नका. गरम केल्यावर सुटणारा गोंद वापरा, म्हणजे काठावर लायटरनेही बदलता येते.

जोडाच्या तोंडाशी धाग्याचा घट्ट पट्टा आहे. तो नसता तर बाहेरचा तुकडा तिथे उभा चिरला असता. आतल्या तुकड्याला अधूनमधून साधी मेणबत्ती घासतो, जोड सैल होत नाही. थराचा रंग टोकाकडे किंचित पिवळसर व्हायला लागलाय, तो उन्हाचा परिणाम. ताकदीवर काही फरक जाणवलेला नाही.

कार्बनमधून वीज वाहते, हे तयार रॉडवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि घरी बांधलेल्यावर लिहिलेलंच नसतं. शेतातून काठाकडे जाताना तारांखालून रॉड उभा नेऊ नका. वळवाचे ढग आले की तो आडवा ठेवून लांब व्हा. धरणांत मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थांकडे असतो, आधी विचारून बसावं. नांदूर मध्यमेश्वरला रॉड न्यायचाच नाही, ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे आणि रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पावसाच्या तोंडावर मासे अंड्यावर असतात, ते आठवडे मी धागा गुंडाळण्यात घालवतो.

ज्याला सुरुवात करायची आहे त्याने लगेच ब्लँक मागवू नये. घरात कुठेतरी कडी तुटलेला जुना रॉड असतोच. तिची जागा साफ करा, एक कडी, एक रीळ धागा आणि एपॉक्सीची लहान बाटली आणा. ती एक कडी बांधून त्या रॉडने मासा धरला की पूर्ण रॉड बांधायचा की नाही ते आपोआप कळेल. आठ फुटी मापासाठी कुणाला माझ्या कड्यांची अंतरं हवी असतील तर देतो, पण रबराच्या चकत्या लावून आपल्या ब्लँकवर तपासल्याशिवाय त्यातलं एकही माप पक्कं करू नका.