गावची झेडपी शाळा : चार स्टार देतेय, पाचवा का कापला तेही वाचा

लोक हॉटेलचे रिव्ह्यू लिहितात, होमस्टेचे लिहितात, गुहागरच्या समुद्रावर भेळ कशी मिळते त्याचेपण लिहितात, मग गावच्या शाळेचा का नाही? दर मे महिन्यात मुंबईवरून आलेल्या नणंदा-जावा विचारतात, "काय गो, खरंच मराठी शाळेत घातलंस पोरीला?" आणि दरवेळी तेच तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवेन. शाळेचं नाव टाकत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव, पहिली ते सातवी, पट वीसच्या जरासा वर, म्हंजे पोरं कमी झाली तर शाळाच बंद होईल ह्या भीतीने दरवर्षी जूनमध्ये सगळ्यांचा जीव टांगणीला. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

अभ्यासाचं आधी उरकते कारण त्यात फार सांगण्यासारखं नाही. मराठी आणि गणित चांगलं, इंग्रजी यथातथा. आपल्याकडे निकालाचं कौतुक कुणाला नसतं म्हणा, दहावीला कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला, 2024 ला 99.01 टक्के, 2025 ला 98.82 टक्के, त्यामुळे "आमची पोरं हुशारच" हे इथे हवेतच असतं. पण एवढे मार्क घेऊन मुंबईला जाणारी पोरं गावच्या ग्रामसभेत दोन वाक्यं बोलू शकत नाहीत, हेपण मी बघितलंय. मला शाळेकडून त्या दुसऱ्या गोष्टीची जास्त अपेक्षा होती.

तर संस्कार. हा शब्द ऐकला की मला आधी भिंतीवरचे सुविचार आठवतात, 'सदा खरे बोलावे' आणि त्याच्याखाली ओल आलेली. आपल्या भागात साने गुरुजींचा फोटो नाही अशी शाळा सापडायची नाही, ते पालगडचे, दापोली तालुक्यातलेच, 24 डिसेंबरला जयंतीला हार घातला जातो, भाषणं होतात, पोरं पाठ केलेलं म्हणून दाखवतात आणि घरी जाऊन भावाला बडवतात. आमच्याकडेपण हे सगळं आहे. पण त्याच्या जोडीला दोन-तीन गोष्टी अशा आहेत की ज्यासाठी मी हे लिहायला बसले.

पहिली म्हंजे व्हरांड्यातलं दुकान. एक जुनं लाकडी कपाट, त्यात पेन्सिली, खोडरबर, वह्या, शार्पनर, आणि दुकानदार कोणीच नाही. किंमत चिठ्ठीवर लिहिलेली, पैसे बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात टाकायचे, सुट्टे आपले आपण काढून घ्यायचे. माल गावातले किराणावाले काका घाऊक भावात देतात, त्यावर एक पैसा घेत नाहीत. शनिवारी सहावी-सातवीची पोरं डबा ओतून हिशोब करतात आणि किती कमी आले ते फळ्यावर लिहितात. बस. कोणी घेतले, का घेतले, काही विचारत नाहीत, गुरुजी त्याच्यावर भाषणपण देत नाहीत, आकडा सोमवारपर्यंत तसाच फळ्यावर राहतो. मला आधी वाटलं हे फोटोपुरतं असेल. पण एकदा माझी पोरगी घरी येऊन दप्तर उलटं करून बसली, "आई, सात रुपये कमी आलेत, माझ्याकडून वही घेताना राहिले काय बघू दे." पैसे तिचे नव्हतेच, पण शोधल्याशिवाय जेवायला उठली नाही. कमी येतात का अजून? येतात. कधी जास्तपण येतात, ते मला भारीच वाटतं.

दुसरं, बंधारा. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि एप्रिल-मेमध्ये टँकर, हे कोकणाबाहेरच्यांना सांगितलं तर हसतात. जांभ्या दगडातून पाणी झरझर खाली जातं आणि पऱ्या, म्हंजे ओढा, थेट खाडीला मिळतो, थांबणार कुठे. म्हणून दिवाळीनंतर, भातकापणी उरकली की शाळा आणि गाव मिळून शाळेमागच्या पऱ्यावर वनराई बंधारा घालतात. तसे ते जिल्ह्यात ठिकठिकाणी घालतात, सरकारी टार्गेटपण असतं, बऱ्याच जागी चार गोणी टाकून बॅनर धरून फोटो काढतात आणि पहिल्या आठवड्यात बंधारा वाहून जातो. आमच्याकडे टिकतो, कारण गवंडीकाम करणारे पालक स्वतः उभे राहतात. बांधकामावरून सिमेंटच्या रिकाम्या गोणी आणायच्या, वाळू-माती भरून सुतळीने तोंडं बांधायची आणि आडव्या रचायच्या. "सांधा मोडून लाव रे, वर वर नको ठेवू," म्हंजे खालच्या दोन गोण्यांच्या फटीवर वरची गोणी यायला हवी, हे वाक्य त्या दिवशी सारखं ऐकू येतं.

त्यात गुरुजींनी एक केलं ते मला फार आवडलं. आमच्या दोन वाड्यांत शिमग्याच्या पालखीच्या मानावरून जुना वाद आहे, मोठी माणसं एकमेकांच्या बारशाला जात नाहीत, त्यामुळे पोरंपण वर्गात लांब लांब बसायची. गुरुजींनी बरोबर त्या दोन वाड्यांमधली पोरं एकेका गोणीवर जोडीने लावली, एकाने गोणीचं तोंड धरायचं आणि दुसऱ्याने फावड्याने भरायचं. आता हे काम न बोलता होतच नाही. धरणाऱ्याने हात वर घेतले तर माती बाहेर, भरणाऱ्याने घाई केली तर फावडं धरणाऱ्याच्या बोटावर. पहिल्या दोन गोणी दोघं घुम्यासारखे, तिसरीला "नीट धर की", "तू जरा हळू टाक ना", आणि दुपारपर्यंत दोघं मिळून बाकीच्यांना शिकवत होते. पालखीचा वाद मिटला वगैरे काही झालेलं नाही हं, तो आहे तिथेच आहे. पण पोरं आता एका सायकलवरून येतात.

बंधाऱ्याचं पाणी फेब्रुवारीपर्यंत तरी राहतं, त्यावर शाळेची परसबाग, लाल माठ, मुळा, वांगी, वाल. ते सगळं पोषण आहारात पडतं. तांदूळ सरकारचा, पहिली ते पाचवीला दिवसाला 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम असा हिशोब असतो, पण आमटीला चव येते ती बचत गटाच्या बायकांमुळे आणि ह्या भाजीमुळे. खारवीवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला, वरची वाडी, सगळी पोरं एका पंगतीला बसतात आणि वाढायला पाळी लावलेली असते. आमच्या सासूबाईंच्या वेळी ह्याच गावात हे शक्य नव्हतं, एवढंच सांगते.

तिसरी गोष्ट ज्यांना सुचली त्यांना मानलं पाहिजे. 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या पोरांना दहा दिवस दप्तराविना, गावातल्या सुतार-माळी-कुंभारांकडे काम शिकायला पाठवायचं म्हटलंय. इथे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ताडपत्रीखाली, आणि शाळा उघडते 15 जूनच्या सुमारास. म्हंजे ज्या दिवसांत पोरं शाळेत येतात त्याच दिवसांत खारवीवाडीतले दादा लोक घरी बसून जाळी दुरुस्त करत असतात. मग त्यांनाच बोलावलं. एरवी पालकसभेला दाराच्या बाहेर उभा राहणारा माणूस वर्गात मधोमध बसलाय, पोरं भोवती गोल, आणि गाठ चुकली की तो सातवीतल्या स्कॉलर पोराला सांगतोय, "सोड, परत घाल, ह्यातून बांगडा जाईल तुझा." त्याची स्वतःची मुलगी त्या दिवशी कशी बसली होती ते बघायला पाहिजे होतं, मान अशी ताठ!

वर्गात मूल्यवर्धनाचे तासपण होतात, 2009 ला बीड जिल्ह्यातून सुरू झालेला कार्यक्रम आहे, पोरं गटात बसून वर्गाचे नियम स्वतः ठरवतात वगैरे. चांगलं आहे, पण खरं सांगू तर डबा आणि गोणी जास्त शिकवतात असं माझं मत.

आता गावाच्या सहभागाची दुसरी बाजू. मुंबईकर मंडळ देणगी देतं, मनापासून देतं, त्यात शंका नाही. पण पंखा दिला की तिन्ही पात्यांवर नावं, पंखा लावल्याशिवाय देणगीदार दिसायचा बंद होत नाही. एका वर्षी शाळेला मोठी कमान झाली, रंगीत, वर दोन हत्ती, आणि मुलींच्या संडासात नळाला पाणी नव्हतं. एक स्मार्ट टीव्ही आला तो चादर पांघरून आहे, कारण लाइटबिल भरायचं कोणी ह्यावर दोन वर्षं चर्चाच चालू. आता बाईंनी सरळ यादी करून गणपतीच्या आधी ग्रुपवर टाकायला सुरुवात केलीय, पाण्याची टाकी, कौलं, दोन ट्यूब, चटया, आणि शेवटी 'नाव रजिस्टरमध्ये लिहू' अशी टीप. टाकी आली. कौलं अजून आलेली नाहीत, तिसरीच्या वर्गात जुलैमध्ये बादली असते.

शाळा व्यवस्थापन समितीचंपण सांगते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात ही समिती आहे, तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. कागदावर होत्याच. पूर्वी रजिस्टर घरी यायचं, चुलीपाशी सही, ठराव कसला ते माहीत नाही. आता मीटिंग संध्याकाळी घेतात, बायका मच्छी विकून, शेतातून आल्यावर, तेव्हापासून खरोखर बोलणं होतं, भांडणंपण होतात आणि ती व्हायलाच पाहिजेत. व्हॅनवाल्या इंग्लिश मीडियमला (तालुक्याच्या ठिकाणची एक, नाव नको) माझ्या जावेची दोन मुलं आहेत, तिथे पालकांना गेटच्या आत वर्षातून दोनदा घेतात, फी भरायच्या दिवशी धरून. त्यांचं इंग्रजी आमच्या पोरांपेक्षा चांगलं आहे हे मान्यच, आणि ज्यांना तेच हवंय त्यांनी तिकडेच जावं.

एक स्टार का कापला? शिक्षक. तीन हवेत, दोन आहेत, आणि हे सगळं जे लिहिलं ते त्यातल्या एका गुरुजींच्या जिवावर चाललंय. ते घाटावरचे आहेत, घरी म्हातारे आईवडील, बदलीचा अर्ज त्यांचा टाकलेला आहे आणि त्यांना दोष कसा द्यायचा. कोकणातल्या शाळांचं हे कायमचंच आहे, चांगला माणूस येतो, गावाला लळा लावतो आणि जातो. त्यात वरून रोज काहीतरी, 2024 पासून 'आनंददायी शनिवार' सुरू झाला, कल्पना छान, पण आनंदाचे फोटो लिंकवर टाकता टाकता गुरुजींचा अर्धा शनिवार रेंज शोधण्यात जातो. मी समितीत म्हटलंय की डब्याचा हिशोब, बंधाऱ्याची तारीख, जाळीवाल्या दादांचे नंबर, हे सगळं एका वहीत उतरवून ठेवा, गुरुजी गेले तरी गावाने चालवायला पाहिजे. हो म्हणालेत सगळे. वही अजून कोरी आहे.

ज्यांना बघायला यायचंय त्यांनी शनिवारी सकाळी या, सकाळची शाळा असते, हिशोब चालू असताना सापडेल. गाडी देवळाजवळ लावा, पुढे चिखल आहे. आणि प्रवेश घ्यायचा असेल तर जून उजाडायची वाट बघू नका, पट वीसच्या खाली गेला तर हा रिव्ह्यू वाचून उपयोग काय.