आरशाची पाठ न पाहता दिलेले चोवीस हजार

गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही पुण्यातल्या नव्या सदनिकेत राहायला आलो आणि दिवाणखान्याच्या कोऱ्या भिंतीसाठी मी एका हस्तकला प्रदर्शनातून तीन गोल आरसे २४,००० रुपयांना घेतले. ते 'फ्यूज्ड ग्लास'चे, म्हणजे रंगीत काचा भट्टीत एकमेकींत वितळवून केलेल्या किनारीचे, हाताने घडवलेले आरसे आहेत, असे मला सांगण्यात आले होते. सर्वांत मोठा आरसा ६० सेंटिमीटर व्यासाचा होता. किंमत जास्त आहे हे दिसत होते, परंतु भट्टीच्या कामाला वेळ आणि वीज दोन्ही भरपूर लागतात एवढे ऐकून माहीत असल्यामुळे मी घासाघीस केली नाही. अर्धवट माहितीनेच माझा घात केला, असे आता वाटते.

विक्रेता बोलण्यात मोठा गोड होता. त्याने मोबाइलवर धगधगत्या भट्टीची चित्रफीत दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, आरशासकट आठशे डिग्रीला भाजलेला अखंड पीस आहे, जोड शोधून दाखवा." हे वाक्य मी पुढे आल्यागेल्याला कौतुकाने ऐकवत असे. आरशांच्या पाठीवर काळे मखमली कापड चिकटवलेले होते आणि ते काढल्यास गॅरंटी राहणार नाही, अशी ताकीदही त्याने दिली. मी ती निमूटपणे मान्य केली.

लावून देण्याचे १,५०० रुपये त्याच रकमेत धरलेले होते. त्याचा माणूस आला तेव्हा त्याच्याजवळ ना ड्रिल होते ना भिंतीत स्क्रू धरून ठेवणाऱ्या गिट्ट्या, होती फक्त सिलिकॉनची नळी. "काकू, भोक पाडलं तर जिप्समचा थर निघेल, हे सिलिकॉन जन्मभर सुटत नाही," असे सांगून त्याने प्रत्येक आरशामागे चार गोळे दाबले आणि आरसे भिंतीला चिकटवले. घरभर व्हिनेगरसारखा आंबट वास दोन दिवस राहिला होता.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री अडीचच्या सुमारास, मोठा आरसा खाली आला. खालच्या दिवाणावर त्या रात्री कोणी झोपलेले नव्हते. एरवी सासूबाई तिथेच झोपतात. सिलिकॉन सुटले नव्हते, हे त्या माणसाच्या बाजूने सांगायला हवे. ते रंगाला घट्ट धरून होते. रंगानेच पुट्टीसकट भिंत सोडली होती.

केर भरताना मात्र मी थबकले. पडलेल्या आरशाच्या मधल्या काचेचा चुरा झाला होता, पण भोवतालची निळी-हिरवी किनार, जी भट्टीत भाजलेली काच म्हणून मी विकत घेतली होती, ती एका जागी चिरून प्लास्टिकच्या पट्टीसारखी वाकडी होऊन पडली होती. कडेला बोट फिरवले तरी कापत नव्हते. काळे कापड फाडले तेव्हा आत तीन मिलिमीटरची एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीची, चकती निघाली.

दुसऱ्या दिवशी मी तो तुकडा पेठेतल्या एका जुन्या फ्रेमवाल्या काकांकडे नेला. त्यांनी सुई मेणबत्तीवर तापवून किनारीला टेकवली, तर ती सहज आत रुतली आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. साच्यात ओतलेले रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारे द्रव प्लास्टिक, होते ते. "ताई, आरशाच्या पाठीला चांदीचा पातळ थर आणि वर रंग असतो, तो आठशे डिग्रीला टिकेल कसा?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी इतके दिवस मिरवलेल्या त्या वाक्याचा अर्थ मला कळला. खऱ्या कामात रंगीत काच आधी साधारण ८०० अंश सेल्सियसला एकजीव करतात, मग भट्टीतच ती कित्येक तास हळूहळू निववतात, कारण घाईने थंड केली तर ती तडकते. आणि आरसा वेगळा कापून शेवटी त्यावर बसवतात. म्हणजे जोड हा असायलाच हवा.

वजनानेही उलगडा झाला असता. काचेचे वजन एका चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे, अडीच किलो भरते. त्या हिशेबाने सहा मिलिमीटर जाडीची ६० सेंटिमीटरची चकती आणि वरचा आरसा मिळून पाच किलोंच्या आसपास वजन व्हायला हवे होते. माझे सगळे तुकडे गोणीत भरून तोलले, तर दोन किलो भरले. शिवाय आंबट वासाचे सिलिकॉन आरशाच्या पाठीचा लेप खाते, त्यासाठी न्यूट्रल, म्हणजे आंबट वास नसलेले, वापरावे लागते, हेही काकांनीच सांगितले. उरलेल्या दोन आरशांच्या कडेने तोवर काळे डाग धरू लागलेच होते. पाच किलोंचा आरसा टांगणे काही अवघड काम नाही. पाठीला पक्क्या बसवलेल्या धातूच्या कड्या आणि प्लास्टर ओलांडून आतल्या ठोकळ्यात शिरणाऱ्या लांब गिट्ट्या एवढे पुरते. आमच्यासारख्या एएसी ब्लॉकच्या, म्हणजे सिमेंटच्या हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या, भिंतीत मात्र त्या ब्लॉकसाठीच मिळणाऱ्या नायलॉनच्या गिट्ट्या घ्याव्यात आणि ड्रिलची ठोके मारण्याची (हॅमर) सोय बंद ठेवावी.

विक्रेत्याला दूरध्वनी केला तेव्हा "हवामानाचा दोष" असे उत्तर मिळाले आणि ४,००० रुपयांत नवा आरसा देऊ केला गेला. पुढे त्याने फोन उचलणे बंद केले. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, तेव्हा पहिला प्रश्न बिलाचा आला. माझ्याकडे हाताने लिहिलेली पावती आहे, तीवर 'डेकोरेटिव्ह मिरर, ३ नग' एवढेच लिहिले आहे. काच हा शब्द त्याने तोंडाने पन्नास वेळा उच्चारला, कागदावर एकदाही नाही. पैसेही मी दुकानाच्या खात्यावर न देता एका व्यक्तीच्या यूपीआयवर दिले होते. विक्रेत्याला पाठवलेली नोटीस 'पत्ता अपुरा' या शेऱ्यासह परत आली.

पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, म्हणून तिथे अर्ज करण्याची तयारी मी केली आहे. पुरावा म्हणून संदेश, पावती आणि सुईने पडलेले भोक असलेली ती निळी पट्टी जपून ठेवली आहे. राहिलेले दोन आरसे सुरीने सोडवून काढले. भिंतीवर आता पुट्टी उखडलेले बारा गोल डाग आहेत आणि रंगाऱ्याने तेवढ्यासाठी सगळीच भिंत रंगवावी लागेल म्हणून २,२०० रुपये सांगितले आहेत.